सरकारी नोकरी सोडून प्रतिसरकार उभं करणारा तलाठी : क्रांतिसिंह नाना पाटील

दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. मराठा पलटणीतले सातारचे जवान परदेशात लढत होते आणि त्याच वेळी साताऱ्यातल्या गावांमध्ये इंग्रजांविरुद्ध वेगळीच फौज उभी राहत होती. तिच्यामागचं नाव होतं, क्रांतिसिंह नाना पाटील.

नाना रामचंद्र पिसाळ यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव येडेमच्छिंद्र, तालुका वाळवा. आज हा भाग सांगली जिल्ह्यात येतो, तेव्हा तो साताऱ्यात होता. घरात पाटीलकी असल्याने पुढे पाटील हेच नाव रूढ झालं. नाना तलाठी होते. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी नोकरी सोडली आणि पुढची वर्षं तुरुंगाच्या वाऱ्यांत गेली.

१९४२ च्या सप्टेंबरमध्ये वडूज आणि इस्लामपूरच्या मोर्चांवर पोलिसांनी गोळीबार केला. एकट्या वडूजला नऊ जण हुतात्मा झाले. निःशस्त्र मोर्चांचा शेवट असा होणार असेल, तर लढण्याची रीत बदलायला हवी, हे भूमिगत कार्यकर्त्यांना उमगलं. १९४३ मध्ये प्रतिसरकार उभं राहिलं.

या सरकारचं लढाऊ अंग म्हणजे तुफान सेना. जी. डी. बापू लाड तिचे फील्ड मार्शल आणि रामचंद्र लाड कॅप्टन. कुंडल हे मोठं केंद्र. कुंडल औंध संस्थानात असल्याने तिथे इंग्रजी पोलिसांना थेट हात घालणं अवघड जाई. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून पगाराची रोकड ताब्यात घेतली गेली. १४ एप्रिल १९४४ ला धुळे भागात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला.

पण प्रतिसरकार फक्त लुटीवर चाललं नाही. गावोगावी न्यायनिवाडे झाले, दारूबंदी झाली, कमी खर्चाची गांधी लग्नं लागली. सावकार, गुंड आणि पोलिसांच्या खबऱ्यांना मात्र कडक शिक्षा होई. तळपायावर मारण्याच्या शिक्षेवरून लोक याला पत्री सरकार म्हणू लागले.

नाना गावोगावी रात्रीच्या सभा घेत. अस्सल गावरान भाषेत बोलत आणि पोलीस पोहोचायच्या आत निसटत. किंमत घरच्यांनी मोजली. घर, जमीन जप्त झाली. लेक हौसाबाई पुढे स्वतःच चळवळीत उतरली.

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आल्यावर नाना उघडपणे लोकांसमोर आले. पुढे ते शेतकरी कामगार पक्षात आणि मग कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ ला उत्तर साताऱ्यातून आणि १९६७ ला बीडमधून ते लोकसभेवर निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते पुढे होते.

६ डिसेंबर १९७६ ला त्यांचं निधन झालं. त्यांची समाधी वाळव्यात आहे. ज्या सरकारची नोकरी त्यांनी सोडली, त्याच सरकारला त्यांनी चार वर्षं आपल्या जिल्ह्यात स्वस्थ बसू दिलं नाही.