व्हायोलिनवादक गजाननबुवा जोशी

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात गजानन हे नाव कोणाला सांगावे लागत नाही. शेगावच्या महाराजांमुळे गल्लीत एक तरी गजानन असतोच. पण आज ज्यांची माहिती लिहिली आहे ते गजानन गवई होते आणि व्हायोलिनही वाजवीत.

पंडित गजाननराव जोशी यांचा जन्म १९११ साली झाला. त्यांचे वडील अनंत मनोहर जोशी. लोक त्यांना अंतूबुवा म्हणत. अंतूबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे दरबारी गवई. म्हणजे गजाननरावांचे वडील तेच गुरुजी! अशा मुलाला शाळा सुटली तरी सुट्टी कुठली?

वडिलांजवळ ते आधी गाणे शिकले. पुढे रामकृष्णबुवा वझे, भूर्जी खाँ, विलायत हुसेन खाँ यांच्याकडेही शिकले. व्हायोलिन मात्र त्यांनी बहुतेक स्वतःच्या कष्टाने आत्मसात केले.

मित्रांनो, हे किती अवघड आहे ते समजून घ्या. आपल्या भजनी मंडळाच्या पेटीत पट्टी दाबली की सूर आपोआप बरोबर निघतो. व्हायोलिनचं तसं नसतं. त्याला चार तारा असतात, पण सतारीसारखे पडदे नसतात. बोट जरासं सरकलं की सूर बिघडला. घोड्याच्या केसांचा गज तारेवर तिरका गेला तरी करकर आवाज येतो. शिकणाऱ्याचे पहिले कितीतरी महिने असेच जातात. घरच्यांना तो आवाज नकोसा होतो, आणि पोराला कोणी रागावलं की ते वाद्य खुंटीला टांगून टाकतं.

गजाननरावांच्या कानात सूर आधी गाण्यातून बसला होता. तो बोटाने तारेवर शोधायचा एवढेच उरले होते. एवढेच म्हणायचे, पण त्याला रियाज लागतो! म्हणून पालकांना एक विनंती आहे. व्हायोलिन असो की बासरी, तुम्हाला ते वाजवता आलंच पाहिजे असं नाही. पेटीवर ‘सा’ धरून ठेवा, पोराला आधी तो गळ्यातून म्हणू द्या, मग वाद्यावर शोधू द्या. रोज थोडा वेळ, हळूहळू. तुम्ही नुसतं जवळ बसून ऐकलं तरी त्याला हुरूप येतो. सूर हलला की भजन ऐकणाऱ्या माणसाच्या कानाला ते लगेच कळतं.

पुढे गजाननरावांनी आकाशवाणीवर नोकरी केली. १९७२ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे चिरंजीव मधुकर हेही व्हायोलिन वाजवू लागले. १९८७ साली गजाननराव वारले.

त्यांनी शिष्यही पुष्कळ तयार केले. त्यातले एक आपल्या विदर्भातले आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याचे उल्हास कशाळकर. ते आज देशातले मोठे गायक आहेत. त्यांना गाण्याचे पहिले धडे घरीच, वडिलांकडून मिळाले. वडील पेशाने वकील होते.