आचार्य प्रफुल्लचंद्र राय : विद्यार्थ्यांसाठी कारखाना काढणारे शिक्षक



आपल्या शाळांमधून बाल आनंद मेळावा भरतो. मुलं घरून मेथी, कोथिंबीर, भेळ, लिंबू सरबत आणतात आणि मांडून विकतात. मागे आमच्या मेळाव्यात चौथीतल्या एका मुलाने कोथिंबिरीच्या सगळ्या जुड्या विकल्या आणि हिशोबही चोख दिला. मी त्याचं कौतुक करत होते, तेवढ्यात त्याच्या आईने मला बाजूला घेतलं. याला भाजी विकायला लागू नये म्हणूनच तर शाळेत घातलंय बाई, असं ती म्हणाली. मला पटकन उत्तर सुचलं नाही.

उत्तर न सुचण्याला कारण होतं. डी.एड. झाल्यावर मी स्वतः काही वर्षं भरतीची वाट बघत घरी होते. त्या काळात शिकवण्या घेत होते, पण सध्या काय करतेस असं कुणी विचारलं की काहीच नाही असं सांगायचे. नोकरी म्हणजेच काम, बाकी सगळं काहीच नाही, हे माझ्याही डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

हाच विचार सव्वाशे वर्षांपूर्वी कलकत्त्यातल्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांना छळत होता. त्यांनी त्यावर नुसती भाषणं केली नाहीत, तर स्वतः कारखाना काढून दाखवला. ते म्हणजे आचार्य प्रफुल्लचंद्र राय. आज त्यांच्याविषयी लिहिते आहे.

आजारपणातली शाळा

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ चा. गाव राडुली, तेव्हाच्या जेसोर जिल्ह्यात. आता हा भाग बांगलादेशातल्या खुलना जिल्ह्यात येतो. वडील हरिश्चंद्र राय जमीनदार होते आणि वाचनाचे शौकीन. त्यांच्याकडे पुस्तकांचा मोठा संग्रह होता. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब कलकत्त्याला आलं आणि प्रफुल्लचंद्र हेअर स्कूलमध्ये जाऊ लागले.

१८७४ च्या सुमारास त्यांना आमांशाचा जबरदस्त आजार झाला. शाळा सुटली आणि जवळजवळ दोन वर्षं घरीच गेली. पण त्या दोन वर्षांत हा मुलगा वडिलांच्या पुस्तकांत बुडून गेला. इतिहास, चरित्रं, इंग्रजी साहित्य असं हाताला लागेल ते वाचलं, लॅटिन भाषा शिकायला सुरुवात केली. पोटाचं दुखणं मात्र जन्मभर पाठीला लागलं. मोजकं खाणं, वेळेवर झोप, रोज फिरणं हे नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळले.

पुढे ते ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपोलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकू लागले. तिथे विज्ञानाची सोय नव्हती, म्हणून प्रेसिडेन्सी कॉलेजात अलेक्झांडर पेडलर यांची व्याख्यानं ऐकायला जायचे. पेडलर प्रयोग करून दाखवत. ते बघून प्रफुल्लचंद्रांना रसायनशास्त्राची गोडी लागली. वर्गातला एक चांगला प्रयोग मुलाची दिशा कशी ठरवतो, याचं हे उदाहरणच आहे.

एडिंबरोहून परत

१८८२ मध्ये त्यांना गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळाली आणि ते स्कॉटलंडमधल्या एडिंबरो विद्यापीठात गेले. तिथे प्रा. क्रम ब्राऊन यांच्या हाताखाली शिकून १८८७ मध्ये त्यांनी डी.एस्सी. पदवी मिळवली. १८८८ मध्ये ते मायदेशी परतले.

एवढं शिकून आलेल्या माणसाला नोकरी मिळाली का? जवळजवळ वर्षभर नाही! सरकारी शिक्षण खात्यातल्या वरच्या जागा इंग्रजांसाठी असत. हिंदी माणूस कितीही शिकलेला असला तरी त्याला खालची श्रेणी. त्या वर्षातला बराच काळ ते मित्र जगदीशचंद्र बोस यांच्याकडे राहिले. शेवटी १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात महिना २५० रुपयांवर तात्पुरती जागा मिळाली. त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्याकडे या भेदभावाची तक्रार केली. तेव्हा, नोकरीची सक्ती कोणी केलेली नाही, दुसरे मार्ग मोकळे आहेत, अशा अर्थाचं उत्तर मिळालं.

हा अपमान त्यांच्या कायम लक्षात राहिला. पण त्यांनी नोकरी सोडली नाही, वर्गही सोडला नाही. शिकवता शिकवता दुसरा मार्ग स्वतःच तयार करायला घेतला.

सातशे रुपये आणि छपरावरची हाडं

त्यांच्या डोळ्यांसमोर रोजचं एक चित्र होतं. हुशार मुलं पदवी घेत होती आणि कारकुनीसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होती. दुसरीकडे साधी औषधं, आम्लं, क्षार सगळं विलायतेहून जहाजाने येत होतं. रसायनशास्त्र शिकलेली मुलं आहेत, कच्चा माल देशात आहे, मग माल बाहेरून का आणायचा, हा त्यांचा साधा प्रश्न होता.

१८९२ मध्ये त्यांनी जेमतेम ७०० रुपये भांडवलावर आपल्या भाड्याच्या घरातच काम सुरू केलं. पत्ता, ९१ अपर सर्क्युलर रोड. नाव ठेवलं बंगाल केमिकल वर्क्स. कॉलेज सुटलं की घरी येऊन ते कामाला लागत.

औषधांत लागणारे फॉस्फेटचे क्षार जनावरांच्या हाडांपासून करायचे ठरलं. खाटकांकडून हाडं आणली आणि वाळायला घराच्या छपरावर पसरली. मग काय, कावळे जमले, वास सुटला आणि शेजारी भांडायला आले. हाडं तिथून हलवावी लागली. विचार करा, विलायतेहून डॉक्टरेट घेऊन आलेला प्राध्यापक हाडांच्या ढिगापाशी उभा आहे आणि त्याला त्यात जराही कमीपणा वाटत नाही. लिंबाच्या रसापासून सायट्रिक आम्ल करायचाही प्रयत्न केला. ते खर्चात परवडेना, म्हणून सोडून दिलं. हेही सांगायला हवं, कारण उद्योग करणाऱ्याचे सगळेच प्रयोग जमत नाहीत.

माल तयार झाला, पण घेणार कोण? औषधांच्या दुकानदारांचा विलायती शिक्क्यावर विश्वास. तेव्हा त्यांचे मित्र डॉ. अमूल्यचरण बोस मदतीला आले. त्यांनी स्वतः ही औषधं वापरली आणि इतर डॉक्टरांनाही वापरायला लावली. अडुळसा, ओवा अशा आपल्याकडच्या वनस्पतींपासून शास्त्रीय पद्धतीने काढलेली औषधं बाजारात आली. आपल्या आजीच्या बटव्यातलीच ही नावं, पण ती मोजून-मापून, शुद्ध करून बाटलीत आली.

ही वाट सोपी नव्हती. १८९८ मध्ये अमूल्यचरण प्लेगने गेले. याच सुरुवातीच्या काळात सतीशचंद्र सिंह हे तरुण सहकारी विषारी आम्लाच्या अपघातात दगावले. दोन खंदे साथीदार गेले, सगळा भार एकट्यावर आला. तरी त्यांनी काम थांबवलं नाही. १९०१ मध्ये दोन लाख रुपये भांडवलाची बंगाल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स ही मर्यादित कंपनी उभी राहिली. १९०५ मध्ये माणिकतल्याला मोठा कारखाना झाला.

आधी शिक्षक, मग बाकी सगळं

कारखान्यामुळे वर्गाकडे दुर्लक्ष झालं असं मात्र कुणी म्हणू शकणार नाही. ज्येष्ठ प्राध्यापक सहसा वरचे वर्ग घेतात. प्रफुल्लचंद्र पहिल्या वर्षाचा वर्ग आवर्जून स्वतःकडे ठेवत. शाळेतून नुकतंच आलेलं मन ओल्या मातीसारखं असतं, पाया तिथेच घालायला हवा, असं त्यांचं मत होतं. आपण प्राथमिक शिक्षकांनी तर हे मनात कोरून ठेवावं!

त्यांच्या वर्गातली एक गोष्ट सांगतात. ते जाळून पांढरं केलेलं हाड घेऊन येत, त्यातला तुकडा तोंडात टाकत आणि मुलांना दाखवून देत की आता यात जनावराचं काही उरलेलं नाही, हे फक्त कॅल्शियम फॉस्फेट आहे. एका कृतीत रसायनशास्त्रही शिकवलं आणि विटाळाची कल्पनाही मोडली.

१८९५ मध्ये त्यांनी मर्क्युरस नायट्राइट हे संयुग तयार केलं आणि त्यांचं नाव बाहेरच्या देशांत गेलं. प्राचीन भारतातल्या रसायनविद्येचा इतिहास त्यांनी दोन खंडांत लिहिला. ते खंड १९०२ आणि १९०९ मध्ये निघाले. १९१६ मध्ये प्रेसिडेन्सीतून निवृत्त झाल्यावर ते कलकत्ता विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजमध्ये रसायनशास्त्राचे पहिले पालित प्राध्यापक झाले. मेघनाद साहा, सत्येंद्रनाथ बोस, ज्ञानचंद्र घोष, नीलरतन धर असे पुढे नावारूपाला आलेले कितीतरी शास्त्रज्ञ त्यांच्या वर्गात बसलेले होते.

कारखान्यातही त्यांनी माणसंच घडवली. राजशेखर बसू हा रसायनशास्त्र शिकलेला तरुण १९०३ मध्ये कंपनीत आला. त्याच्यावर त्यांनी विश्वासाने कारभार सोपवला. त्याने तो पुढे जवळजवळ तीस वर्षं सांभाळला. हेच बसू परशुराम या नावाने बंगालीतले मोठे विनोदी लेखक झाले. सतीशचंद्र दासगुप्त हे तिथलेच दुसरे रसायनतज्ज्ञ. ते पुढे गांधीजींच्या खादीच्या कामात गेले. चांगला माणूस कंपनी सोडून चालला म्हणून प्रफुल्लचंद्रांनी त्यांच्याशी नातं तोडलं नाही, उलट खादीच्या कामाला स्वतःही हातभार लावला. मातीची भांडी, एनॅमल, साबण अशा इतरांच्या नव्या उद्योगांनाही त्यांनी सल्ला आणि आधार दिला.

चाळीस रुपयांत राहणारे प्राध्यापक

आपले गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याला असताना त्यांचे शेजारी होते. १९०१-०२ च्या सुमारास गांधीजी गोखल्यांकडे उतरले होते. गोखल्यांनी त्यांची ओळख करून दिली ती अशी : या प्राध्यापकांना ८०० रुपये पगार आहे, स्वतःसाठी फक्त ४० ठेवतात आणि बाकीचे लोकांच्या कामाला देतात.

प्रफुल्लचंद्रांनी लग्न केलं नाही. सायन्स कॉलेजच्याच एका खोलीत ते वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. गरीब विद्यार्थी त्यांच्यासोबत तिथेच राहायचे, जेवायचे. १९२१ मध्ये साठी झाल्यावर त्यांनी आपला सगळा पगार विद्यापीठाला संशोधनासाठी द्यायला सुरुवात केली. १९२२ च्या उत्तर बंगालमधल्या महापुरात त्यांनी मदतकार्य उभं केलं, तेव्हा शेकडो विद्यार्थी त्यांच्या एका शब्दावर कामाला लागले. उद्योग काढून श्रीमंत व्हायचं, हा हिशोब त्यांच्याकडे नव्हताच. उद्योग काढायचा तो दहा घरच्या चुली पेटाव्यात म्हणून.

१६ जून १९४४ रोजी त्याच कॉलेजच्या खोलीत, विद्यार्थ्यांच्या सहवासात त्यांची प्राणज्योत मालवली.

मागे काय राहिलं?

१९३८ मध्ये बंगाल केमिकलचा कारखाना मुंबईतही निघाला. प्रभादेवीला वीर सावरकर मार्गावरून जाताना बंगाल केमिकल हे नाव आजही भेटतं. रोज तिथून जाणाऱ्या कितीजणांना माहीत असेल की हे नाव एका शिक्षकाच्या भाड्याच्या घरातून आलंय?

खरं तेही सांगते. कंपनी नंतर तोट्यात गेली. सरकारला ती हातात घ्यावी लागली आणि १९८० मध्ये तिचं राष्ट्रीयीकरण झालं. संस्थापकाची निष्ठा पुढच्या सगळ्यांत उतरतेच असं नाही. पण या देशातला शिकलेला मुलगा औषधं तयार करू शकतो आणि विकू शकतो, हे एकदा सिद्ध झालं ते झालंच. ते काही तोट्यात गेलं नाही.

मला त्यांच्या चरित्रातून सगळ्यात जास्त भावलं ते हे : त्यांनी मुलांना नोकरी करू नका असं सांगितलं नाही. स्वतः तर ते जन्मभर नोकरीतच होते. त्यांचं म्हणणं एवढंच की एकाच दारासमोर सगळ्यांनी रांग लावून बसू नये आणि दुसऱ्या दारातून जाणाऱ्याला कुणी हलकं समजू नये. आणि हे सांगण्याआधी त्यांनी स्वतः हाडं उचलली.

त्या आईला मी आता काय सांगेन, हे मला कळलंय. ताई, तुमच्या मुलाने भाजीच विकावी म्हणून आम्ही मेळावा भरवत नाही. तो डॉक्टर होवो, शिक्षक होवो, नाहीतर दुकान टाको. पण ज्या दिवशी त्याला वाट बघत बसावं लागेल, त्या दिवशी काय करतोस या प्रश्नाला त्याने मान खाली घालून काहीच नाही असं म्हणू नये. कोथिंबिरीच्या जुडीत तेवढं शिक्षण नक्की आहे.

आपल्या वर्गात हा पाठ घेताना मुलांना एकच काम द्या. आपल्या गावात बाहेरून येणारी, पण आपल्याला इथेच करता येईल अशी एक वस्तू शोधून आणा. बघा, मुलं काय काय शोधून आणतात ते!