दुसऱ्याचं चांगलं घेणारे आचार्य वराहमिहिर

॥ श्रीगुरवे नमः ॥


उज्जैनला आपण महाकाळाचं दर्शन घेतो. याच अवंतीत सहाव्या शतकात आचार्य वराहमिहिर होऊन गेले. वडील आदित्यदास हेच त्यांचे गुरू. कपित्थक (बहुधा आजचं कायथा) इथे सूर्यनारायणाची त्यांच्यावर कृपा झाली.

घर सूर्यभक्ताचं, पण मन उघडं. पंचसिद्धांतिकेत त्यांनी पाच मतं मांडली, त्यांत रोमक आणि पौलिश पश्चिमेकडची. बृहज्जातकात सूर्याला ‘हेलि’, मंगळाला ‘आर’, शुक्राला ‘आस्फुजित्’ म्हटलं. ही ग्रीकांचीच दैवतं: हेलिओस, आरेस, अफ्रोडाइटी! आपल्या पत्रिकेतले ‘होरा’, ‘केंद्र’ हे शब्दही तिकडचेच. यवन म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलंय, म्हणून तेही ऋषींसारखे पूज्य, असं बृहत्संहितेत लिहून ठेवलं. निष्ठा मात्र ढळली नाही. ग्रंथारंभी नमन सूर्यालाच.

आणि आपण? सुनेच्या माहेरच्या रीतीलाही पटकन नावं ठेवतो. उद्या सकाळी अर्घ्य देताना एवढं आठवू या: आपली श्रद्धा पक्की असली, की दुसऱ्याचं चांगलं घ्यायला भीती वाटत नाही.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥