आधी झाकायचं, मग रंगवायचं

दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला पुरस्कार आठवतो. जनरल नॉलेजच्या पुस्तकात 'भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक' आणि 'राजा हरिश्चंद्र, १९१३' एवढं पाठ केलं की एक मार्क पक्का. पण मित्रांनो, १९१३ साली फाळके ४३ वर्षांचे होते. त्याआधी हा माणूस काय करत होता, हे कोणी विचारत नाही. मला ते शोधावंसं वाटलं, आणि त्याचं कारण सिनेमा नाही. कारण आहे मास्किंग टेप.

मॉडेल बनवणाऱ्यांना हे माहीत आहेच, बाकीच्यांसाठी सांगते. समजा १:७२ स्केलचं विमान आहे. खऱ्या विमानात कॉकपिटच्या काचेभोवतीची पट्टी ५ सेंटिमीटर रुंद असेल, तर मॉडेलवर ती जेमतेम ०.७ मिलिमीटर भरते. ब्रशने एवढी बारीक रेघ सरळ मारणं माणसाच्या हाताचं काम नाही. म्हणून पट्टी रंगवायच्या भानगडीत पडायचंच नाही, काच झाकायची. काचेवर टेप लावायची, टूथपिकने कडेकडेने दाबायची, नवीन ब्लेडने पट्टीच्या काठावर कापायची आणि पट्टीवरची टेप तेवढी काढून टाकायची. मग सगळ्यावर स्प्रे. टेपच्या कडेखाली रंग शिरू नये म्हणून आधी पारदर्शक लॅकरचा एक हलका हात मारायचा. रंग जाड द्यायचा नाही, पातळ थर दोन-तीन वेळा द्यायचे. शेवटी टेप स्वतःवरच दुमडत हळूहळू ओढायची. तेव्हा कुठे ती रेघ दिसते.

आपल्या वऱ्हाडात ही कल्पना कोणाला नवीन नाही. अकोल्याकडे जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईच्या गाठींवर नंबर टाकायचा तर कापलेला पत्रा ठेवून रंग फिरवतात. दिवाळीत आई अंगणात रांगोळीचा छापा ठेवते तेही तेच. पण तीन रंगांचं काम आलं की खरी परीक्षा होते. कोणता रंग आधी, कोणता नंतर, काय झाकायचं, कधी उघडायचं, हे सगळं रंगाचा डबा उघडण्याआधी डोक्यात ठरलेलं लागतं. आणि दुसऱ्या वेळी लावलेला मास्क पहिल्याच्या काठाला बरोबर भिडला पाहिजे. छापखान्यात याला रजिस्ट्रेशन म्हणतात. फाळक्यांनी आयुष्याची वीस वर्षं याच गोष्टीत घातली, म्हणून त्यांना सिनेमा करता आला, असं माझं मत आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईत आलं. घरात संस्कृत, पण पोराचा जीव चित्रात. १८८५ साली त्यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. पुढे बडोद्याला मोठ्या भावाकडे गेले आणि तिथल्या कलाभवनात शिकले. कलाभवन म्हणजे सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० साली निघालेली संस्था, आजच्या भाषेत पॉलिटेक्निक आणि आर्ट स्कूल एकत्र. फाळके तिथे चित्रकला, मूर्तिकाम, आर्किटेक्चर आणि फोटोग्राफी सगळंच शिकले. आपल्याकडे असा पोरगा दिसला तर एचओडी बोलावून विचारतील की बाबा, तुझी ब्रँच नेमकी कोणती?

१८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाचं मॉडेल ठेवलं आणि सुवर्णपदक मिळवलं. म्हणजे सिनेमाच्या या माणसाला गाजलेलं पहिलं बक्षीस मिळालं ते स्केल मॉडेलसाठी. त्याच सुमाराला कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांनी त्यांना रतलामला पाठवलं. शिकायचं होतं तीन रंगांचे ब्लॉक बनवणं.

हे ब्लॉकचं काम समजून घेण्यासारखं आहे. एकाच रंगीत चित्राचे तीन फोटो तीन वेगवेगळ्या रंगांच्या फिल्टरमधून काढायचे. प्रत्येक फोटोवरून धातूचा एक ब्लॉक करायचा: एक पिवळ्या शाईसाठी, एक लाल, एक निळ्या. धातू ॲसिडमध्ये बुडवला की ॲसिड त्याला खातं. जो भाग खाऊ द्यायचा नाही त्याच्यावर ॲसिडला दाद न देणारा थर द्यायचा. हा मास्कच झाला, फक्त इथे रंगाऐवजी ॲसिड अडवायचं असतं. मग तिन्ही ब्लॉक एकाच कागदावर एकामागून एक छापायचे. केसभर जरी सरकलं तरी देवीच्या ओठांचा लाल तिच्या हनुवटीवर येणार. रतलामहून फाळके हे काम शिकून आले.

इथून पुढे त्यांचं आयुष्य सरळ गेलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं झालं नाही. गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा धंदा सुरू केला. १९०० च्या प्लेगमध्ये तिथे त्यांची पत्नी आणि मूल दोन्ही गेले. बडोद्याला परतून पुन्हा स्टुडिओ टाकला, तर लोकांत समजूत पसरलेली की फोटो काढला की माणसाची शक्ती जाते आणि तो मरतो. धंदा बसला. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरं उलटी करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने खेळ केले. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी लागली. तीन वर्षांनी तीही सोडली, कारण स्वदेशीचे दिवस होते आणि त्यांना स्वतःचा कारखाना काढायचा होता.

सरकारी नोकरी सोडली! आपल्या घरी असं कोणी केलं तर पंधरा दिवस जेवताना कोणी बोलणार नाही.

लोणावळ्याला त्यांनी छपाई आणि ब्लॉकचा कारखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी फोटो-लिथोचं काम केलं. घराघरात गेलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या त्या छापील चित्रांत प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असायचा आणि सगळे दगड एकमेकांवर अचूक बसवावे लागायचे. पुढे भागीदार मिळाला, कारखाना दादरला हलला आणि १९०८ मध्ये त्याचं नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झालं. १९०९ मध्ये फाळके रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. काम नावाजलं गेलं, पण भागीदाराशी पटलं नाही आणि ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. वय चाळीस. हातात कला सतरा, खिशात काही नाही.

१९११ च्या ईस्टरला गिरगावात तंबूतल्या थिएटरात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि यांच्या डोक्यात कृष्ण आणि राम चालायला लागले. त्यानंतर ते रोज सिनेमे पाहत सुटले, यंत्र कसं चालतं ते शोधत बसले. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी नजर परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून कर्ज काढलं आणि १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनचं जहाज धरलं. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं आणि १ एप्रिलला परत आले. दोन महिन्यांचा क्रॅश कोर्स! पण खरं पाहिलं तर तो दोन महिन्यांचा नव्हताच. वीस वर्षांचे थर खाली सुकलेले होते, लंडनला फक्त शेवटचा हात मारला.

याचा पुरावा त्यांच्या पहिल्याच प्रयोगात दिसतो. पैसे लावणाऱ्याला पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून जास्त दिवस थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेत गेले. पडद्यावर मिनिटभरात बी फुटून वेल वर चढला. यात कॅमेरा, कुंडी आणि उजेड जागचे हलले असते तर सगळं मुसळ केरात. रजिस्ट्रेशनची सवय असलेल्या माणसालाच हे सुचतं आणि जमतं.

'राजा हरिश्चंद्र' ३७०० फुटांचा होता आणि शूटिंगला सात महिन्यांना तीन दिवस कमी लागले. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात तो लागला. आता थोडं गणित. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे ३७०० फुटांत ५९ हजारांवर फ्रेम. प्रत्येक फ्रेमला दोन्ही बाजूंची मिळून ८ भोकं. बेरीज पावणेपाच लाखांच्या घरात जाते. यंत्राचा पंच एका वेळी अनेक भोकं पाडतो हे खरं, पण त्या काळी कच्ची फिल्म भोकं न पाडलेलीच यायची आणि ती अंधारात, चाचपडत, हाताने यंत्रातून काढावी लागायची. अंतर चुकलं की पडद्यावर राजा हरिश्चंद्र उड्या मारणार.

हे काम करायच्या सरस्वतीबाई, फाळक्यांच्या पत्नी. भोकं पाडणं, फिल्म धुणं, शूटिंगला उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवणं हे त्यांचं काम. वर युनिटच्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. पैसा कमी पडला तेव्हा दागिनेही त्यांचेच गेले. आपण 'जनक' हा शब्द पाठ करतो तेव्हा या बाईवर टेप लावलेली असते. मास्कचा नियम असा की शेवटी तो काढायचा असतो. इतिहासात तो काढायला आपण विसरलो.

पुढे फाळके नाशिकला गेले आणि ट्रिकचं काम रंगात आलं. त्या काळची एक ट्रिक सांगते. अभिनेत्याला काळ्या पडद्यासमोर उभं करून शूट करायचं. काळ्या भागावरून उजेड येत नाही, म्हणून फिल्मचा तेवढा भाग कोराच राहतो. मग अंधारात फिल्म मागे गुंडाळायची आणि त्या कोऱ्या जागेत दुसरं दृश्य घ्यायचं. काळा पडदा म्हणजे कॅमेऱ्यातली मास्किंग टेप. हँडलचे फेरे मोजायचे, जागा लक्षात ठेवायची, चूक झाली तर कंट्रोल झेड नाही. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. १९१८ च्या 'श्रीकृष्णजन्म'मध्ये कंसाचं शिर धडावेगळं होऊन हवेत जातं. १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. १९१७ मध्ये त्यांनी सिनेमा कसा तयार होतो हेच दाखवणारा एक लघुपटही केला. जादूगार असून आपली हातचलाखी उघड करणारा असा माणूस विरळाच.

शेवट मात्र गोड नाही. १९१८ मध्ये काढलेल्या हिंदुस्थान कंपनीत पुन्हा भागीदारांशी खटके उडाले. ते काशीला निघून गेले, परत आले. १९३१ मध्ये 'आलमआरा' आला आणि सिनेमा बोलायला लागला. त्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला आणि मागाहून त्याला आवाज चिकटवावा लागला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. नव्वदहून जास्त चित्रपट करणारा हा माणूस १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला गेला, तेव्हा सिनेमाच्या धंद्याला त्याची आठवण नव्हती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये.

पूर्वी सी. पी. बेरार नावाने जो सिनेमाचा इलाखा चालायचा त्याच्या वितरकांची ऑफिसं आपल्या अमरावतीत होती, आणि चित्रा चौकाला तर नावच टॉकीजवरून पडलं. एवढं सिनेमाचं गाव, पण फाळक्यांचं काम पाहिलेले आपल्या होस्टेलवर किती निघतील? 'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळं आणि 'कालियामर्दन'चा बराचसा भाग शिल्लक आहे. बघा. गोष्ट माहीतच आहे, तेव्हा गोष्टीकडे नका बघू, कडा बघा. एक चित्र संपून दुसरं कुठे सुरू होतं ते शोधा.

आणि वर्गातला एखादा पोरगा मेकॅनिकलला असून फोटो काढतो, पोस्टर करतो, जादूचे खेळ करतो आणि घरचे त्याला धरसोड म्हणतात, तर त्याला एकच सांगा. थर आहेत, सुकू दे. फक्त कडा नीट दाब.