विश्लेषण : लेगोच्या जुन्या विटा किलोवर घेऊन नगावर का विकल्या जातात? यामागचा डॅनिश सुतार कोण?

मुलं मोठी झाली की खेळण्यांचा डबा माळ्यावर जातो. युरोप-अमेरिकेत मात्र अशा डब्यांवर अनेकांचा जोडधंदा चालतो. जुन्या बाजारातून लेगोच्या विटा वजनावर उचलायच्या, धुवायच्या, रंग-आकारानुसार निवडायच्या आणि ‘ब्रिकलिंक’सारख्या ऑनलाइन बाजारात नगावर विकायच्या. प्लास्टिकची इतर जुनी खेळणी भंगारात जातात, मग या विटांनाच भाव का? उत्तर शोधायला डेन्मार्कमधल्या एका कर्जबाजारी सुताराकडे जावं लागतं.

सुतार खेळण्यांकडे कसा वळला?

ओले कर्क क्रिस्टियनसेन यांचा जन्म १८९१चा. थोरल्या भावाच्या हाताखाली ते सुतारकाम शिकले आणि १९१६ मध्ये बिलुंड या छोट्या गावात त्यांनी स्वतःची कार्यशाळा घेतली. दारं, खिडक्या, शेतकऱ्यांची घरं अशी कामं असत. १९२४ मध्ये त्यांच्याच लहान मुलांच्या हातून लाकडाच्या ढलप्यांना आग लागली. कार्यशाळा आणि घर दोन्ही खाक झालं. त्यांनी आधीपेक्षा मोठी वास्तू बांधली, पण मग जागतिक मंदी आली. शेतकऱ्यांच्या हाती पैसा राहिला नाही, बांधकामं थांबली.

१९३२ मध्ये त्यांनी शिड्या, इस्त्रीची टेबलं यांच्या जोडीला लाकडी खेळणी करायला घेतली. त्याच वर्षी पत्नी क्रिस्टीन यांचं निधन झालं. पदरात चार मुलगे आणि डोक्यावर कर्ज. भावंडं कर्जाला जामीन राहिली, पण खेळण्यांचा नाद सोडून काही उपयोगाचं काम कर, असं त्यांचं म्हणणं होतं. ओले कर्क यांनी ते ऐकलं नाही.

‘लेगो’ नाव आणि यो-योची चाकं

दशकाच्या मध्यावर कंपनीला नाव मिळालं लेगो. ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची ही जोडणी. याच काळात यो-योची लाट आली आणि तितक्याच वेगाने ओसरली. पडून राहिलेले यो-यो त्यांनी मधोमध कापले आणि खेळण्यातल्या गाड्यांना चाकं म्हणून बसवले. पडीक माल नव्या रूपात विकण्याची ही युक्ती आजच्या जुन्या विटा विकणाऱ्यांनाही ओळखीची वाटेल.

दर्जाबाबत मात्र ते हट्टी होते. मुलगा गॉटफ्रेडने एकदा लाकडी बदकांना तीनऐवजी दोनच हात वॉर्निश देऊन माल रवाना केला आणि पैसे वाचवल्याचं अभिमानाने सांगितलं. वडिलांनी त्याला स्टेशनवरून खोकी परत आणायला लावली आणि तिसरा हात द्यायला बसवलं. मुलगा हा धडा विसरला नाही.

प्लास्टिकची वीट त्यांचीच कल्पना होती का?

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. १९४२ मध्ये कारखाना पुन्हा जळाला, तो उभा केल्यावर महायुद्धानंतर त्यांनी प्लास्टिक मोल्डिंगचं यंत्र घेतलं. किंमत सुमारे ३० हजार क्रोनर. लाकडी बदकं विकणाऱ्या कारखान्यासाठी हा जुगारच होता. त्याच सुमारास ब्रिटनमधल्या हिलरी फिशर पेज यांच्या ‘किडीक्राफ्ट’ विटांचे नमुने त्यांच्या हाती आले. त्यात थोडे बदल करून १९४९ मध्ये लेगोची पहिली वीट बाजारात आली. पेज १९५७ मध्ये वारले. किडीक्राफ्ट विटांचे हक्क लेगोने विकत घेतले ते १९८१ मध्ये.

१९४९च्या विटेत एक खोट होती. ती खालून पोकळ होती, त्यामुळे एकावर एक बसे, पण पकड सैल. मनोरा उचलला की सुटायचा. विक्रीही बेताचीच होती.

मग १९५८ हे वर्ष का महत्त्वाचं?

विटेच्या पोटात नळ्या बसवण्याचा उपाय गॉटफ्रेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. वरची बटणं त्या नळ्या आणि भिंतींमध्ये घट्ट अडकतात आणि तरी लहान मुलाच्या हाताने सुटतात. २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. ११ मार्चला ओले कर्क यांचं निधन झालं. ज्या विटेने कंपनी जगभर नेली, ती त्यांनी जेमतेम सहा आठवडे पाहिली.

दोन बटणांमधलं ८ मिलिमीटरचं अंतर पुढे कायम राहिलं. इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब घासलेल्यांना विचारा, लाखो नगांमध्ये माप सांभाळणं म्हणजे काय ते. म्हणूनच १९५८ नंतरची वीट आजच्या विटेवर बसते आणि जुना सुटा नगही कुणाच्या तरी अपुऱ्या संचात उपयोगी पडतो. नगावर भाव मिळतो तो यामुळे.

पोतं घेताना काय पाहतात?

जाणकार आधी बटणावरचं लेगो हे नाव पाहतात, कारण नकली विटा मिसळलेल्या असतात. मग वीट उलटी करतात. आत नळ्या नसलेली साधी मोठी वीट १९५८ पूर्वीची असू शकते. १९६३ पर्यंतच्या विटा सेल्युलोज ॲसिटेटच्या आहेत, त्या वाकतात आणि रंग बदलतात. पुढे एबीएस प्लास्टिक आलं. धुताना पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको. खरी मेहनत निवडण्यात जाते. तो वेळ हिशेबात न धरणाऱ्याला नफा फक्त कागदावर दिसतो.

ओले कर्क यांच्या लाकडी खेळण्यांचं उत्पादन १९६० मध्ये बंद झालं. कारण पुन्हा एक आग.