तंजावरचे श्वार्ट्झ पाद्री

मराठ्यांचे राज्य म्हटले म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढे रायगड, सातारा व पुणे ही स्थळे उभी राहतात, आणि उत्तर कोकणातील ख्रिस्ती जनांस त्याबरोबर १७३९ सालची वसईची लढाई आठवते. परंतु कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, तंजावर येथे, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे ह्यांनी स्थापिलेले आणखी एक मराठी राज्य होते. तेथील प्रजा तमिळ; राजघराण्याची भाषा मात्र मराठी, व दफ्तराची लिपी मोडी. त्या शहरी, शिवगंगा तळ्याच्या शेजारी, एक जुने ख्रिस्तमंदिर आहे व त्यात संगमरवराचा एक शिल्पपट बसविलेला आहे. खाटेवर एक वृद्ध धर्मगुरू अखेरच्या घटका मोजीत पडले आहेत, आणि एक तरुण मराठा राजपुत्र त्यांचा हात आपल्या हाती घेऊन उभा आहे, असा त्यातील देखावा आहे. शिल्पकार लंडनचे जॉन फ्लॅक्समन. खर्च सोसणारे स्वतः ते राजपुत्र, म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी महाराज. आणि ते वृद्ध धर्मगुरू म्हणजे जर्मन लूथरपंथी पाद्री ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ.

आमच्या ज्युबिलीच्या अंकात एका लूथरपंथी पाद्र्याचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर इतकेच, की मराठी राजाने ज्यास बापाच्या ठिकाणी मानिले, तो मनुष्य मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती जनांस परका नव्हे. शिवाय १९९९ साली आऊग्सबुर्ग येथे आपल्या धर्मसभेने व लूथरपंथीयांनी नीतिमत्करणाच्या जुन्या वादाविषयी एकत्र निवेदनावर सह्या केल्या. तेव्हा शेजाऱ्याच्या घरातील गुणी माणसाची ओळख करून घेण्यास आता संकोच कसला?

श्वार्ट्झ ह्यांचा जन्म १७२६ साली प्रशियाच्या राज्यातील सोनेनबुर्ग ह्या लहानशा गावी झाला. ते गाव आता पोलंडात मोडते. आई ते अगदी लहान असतानाच वारली, आणि मरतेसमयी ह्या मुलास देवाच्या सेवेस वाहावे अशी इच्छा तिने नवऱ्यापाशी बोलून दाखविली. पुढे विद्याभ्यासासाठी ते हाल्ले येथे गेले. तेथे आऊगुस्त हेर्मान फ्रांके ह्यांनी उभारिलेले प्रसिद्ध अनाथालय व शाळा होत्या, आणि हिंदुस्थानातून परतलेले शुल्त्से नामक वृद्ध मिशनरी तमिळ बायबल छापण्याच्या खटपटीत होते. त्यांच्या मदतीस म्हणून श्वार्ट्झ ह्यांनी तमिळ शिकावयास आरंभ केला. तो ग्रंथ तेथे छापून निघाला नाही. भाषा मात्र ह्या विद्यार्थ्याच्या पदरी राहिली. हिंदुस्थानात जाण्याचे ठरले तेव्हा ते घरातील वडील मुलगे असल्यामुळे बापाने पुष्कळ दिवस विचार केला व मग आशीर्वाद दिला. वडिलोपार्जित मिळकतीतील आपला हिस्सा भावंडांस सोडून, १७४९ साली कोपनहेगन येथे दीक्षा घेऊन, १७५० च्या जुलैत ते कोरोमांडलच्या किनाऱ्यावर उतरले.

त्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी हे बंदर त्या वेळी डेन्मार्कच्या राजाकडे होते. तेथे १७०६ साली त्सीगेनबाल्ग व प्ल्युत्शाऊ हे दोन लूथरपंथी मिशनरी आले होते, आणि १७१८ साली बांधलेले त्यांचे यरुशलेम मंदिर आजही उभे आहे. चारच महिन्यांत श्वार्ट्झ ह्यांनी त्या मंदिरात तमिळमध्ये पहिले प्रवचन केले.

येथील मंडळीच्या नित्यक्रमाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पुढील साऱ्या गोष्टीचे मूळ त्यात आहे. सकाळी प्रार्थना झाल्यावर पाद्री आपल्या धर्मोपदेशकांस कोणी कोणत्या गावी जावयाचे ते नेमून देत. सायंकाळी ते परतले म्हणजे कोठे कोण भेटले, कोण आजारी आहे, कोणाच्या घरी भांडण आहे, कोण बाप्तिस्मा मागतो, ही सर्व हकीकत ऐकून घेत, आणि मग पुन्हा प्रार्थना होई. तमिळ मुलांच्या शाळा, विधवांस व दरिद्री लोकांस मिळणारे धान्य, लग्ने, मृत्यू, पाण्याची टंचाई, मंडळीतून दूर गेलेले व परत आलेले लोक, ह्या सर्वांची टिपणे रोजनिशीत होत. ह्या रोजनिशा जहाजाने हाल्लेस जात व तेथे १७१० पासून छापून प्रसिद्ध होत असत. जर्मनीतील एखाद्या खेड्यातील विणकर किंवा विधवा तरंगंबाडीच्या मंडळीची बातमी वाचीत, तिच्यासाठी प्रार्थना करीत आणि चार नाणी पाठवीत. आपल्या हातून खर्चलेल्या प्रत्येक पैशाचा हिशेब समुद्रापलीकडील अनोळखी माणसास द्यावयाचा आहे, ह्या शिस्तीत श्वार्ट्झ ह्यांची पहिली बारा वर्षे गेली.

त्या मंडळीत दोषही होते. वेल्लाळ व परैय हे ख्रिस्ती एकाच मंदिरात परंतु वेगळे बसत. मिशनऱ्यांनी ते चालू दिले आणि श्वार्ट्झ ह्यांनीही त्यावर घाव घातला नाही. समजावून सांगत राहिल्याने कालांतराने जाईल, अशी त्यांची आशा. ती फार काळ व्यर्थ ठरली. दक्षिणेतील आपल्या कॅथलिक देवळांतही हेच चालत असल्यामुळे ह्याविषयी आम्ही अधिक बोलत नाही.

१७६२ च्या सुमारास ते त्रिचनापल्लीस गेले. तेथे इंग्रजांची मोठी शिबंदी होती. दारूकोठाराच्या स्फोटात कित्येक शिपाई मेले व त्यांची मुले पोरकी झाली. त्या मुलांसाठी श्वार्ट्झ ह्यांनी शाळा काढिली. गोऱ्या शिपायांस उपदेश करण्याइतके इंग्रजी येत नव्हते, म्हणून आरंभी छापील प्रवचने वाचून दाखवीत; पुढे स्वतः बोलू लागले. १७६६ साली तेथे मोठे मंदिर बांधून झाले. त्यांचे स्वतःचे राहणे मात्र असे, की जुन्या घरातील खाट मावेल एवढी खोली, काळ्या रंगविलेल्या जाड सुती कापडाचा झगा, आणि जेवावयास ह्या देशाच्या पद्धतीने शिजविलेला भात व भाजी. वर्षाची प्राप्ती अठ्ठेचाळीस पौंडांची. पुढे कंपनीने शिबंदीचे पाद्री म्हणून शंभर पौंड वेतन दिले, तेव्हा त्यातील पुष्कळसा भाग मंडळीच्या कामी गेला. लूथरपंथात पाद्र्यास विवाहाची पूर्ण मोकळीक असूनही ते आजन्म अविवाहित राहिले, हे आमच्यासारख्यास विशेष वाटते.

तंजावरचे तुळजाजी महाराज ह्यांची व त्यांची पहिली भेट १७६९ साली झाली. राजा स्वभावाने दयाळू परंतु आळशी, आणि कारभाऱ्यांच्या मुठीत सापडलेला. ह्या पाद्र्याचे बोलणे त्यास आवडू लागले. दरबारी लोकांशी दुभाष्यावाचून बोलता यावे म्हणून श्वार्ट्झ मराठी शिकले. मुसलमानांसाठी हिंदुस्थानी व फारसी, आणि पोर्तुगीज वंशाच्या लोकांसाठी पोर्तुगीज त्यांस येऊ लागली होतीच. १७७३ साली अर्काटच्या नवाबाने इंग्रजांच्या साहाय्याने तंजावर घेतले व १७७६ साली ते तुळजाजींस परत मिळाले. त्यानंतर, १७७८ साली, श्वार्ट्झ कायमचे तंजावरवासी झाले व लवकरच शिवगंगेजवळचे मंदिर त्यांनी बांधिले.

त्याच १७७८ साली ते दूर दक्षिणेस पाळयंकोट्टैस गेले. तेथे तंजावरकडील एक मराठी ब्राह्मण विधवा राहत होती. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयास असताना तिने पूर्वी बाप्तिस्मा मागितला होता. परंतु लग्नावाचून एकत्र राहणे चालू असल्यामुळे श्वार्ट्झ ह्यांनी तो नाकारिला. तो अधिकारी वारल्यावर तिने पुन्हा मागणी केली व क्लोरिंडा ह्या नावाने तिचा बाप्तिस्मा झाला. १७८० सालच्या तेथील मंडळीच्या नोंदवहीत चाळीस माणसे आहेत व त्यांत पहिले नाव ह्या मराठी बाईचे आहे. तिने खटपट करून बांधविलेले मंदिर १७८५ साली पुरे झाले. तिरुनेलवेली प्रांतातील पुढील विशाल मंडळीचा आरंभ तो हाच.

आता राजकारणाची गोष्ट. १७७९ साली मद्रासच्या सरकारने त्यांस गुप्तपणे श्रीरंगपट्टणास हैदर अलीकडे पाठविले. इंग्रजांच्या वकिलांवर हैदरचा विश्वास राहिला नव्हता. हा पाद्री मात्र आपणांस फसविणार नाही, असे तो म्हणे. श्वार्ट्झ ह्यांनी रक्तपात टळावा म्हणून हे काम पत्करिले. ते निष्फळ झाले आणि पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. हैदरने वाटखर्चास दिलेले तीनशे रुपये त्यांनी मद्रासेस आल्यावर सरकारपुढे ठेविले. सरकारने ते घेण्याचे नाकारिले, तेव्हा ते तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेस लाविले. पाद्र्याने अशा कामी पडावे की नाही, ह्याविषयी दोन मते होतील. आम्हांस तर वाटते की कंपनीने त्यांच्या भोळ्या सद्‌भावाचा उपयोग करून घेतला. परंतु हैदरच्या मनातील आदर कमी झाला नाही. युद्धात सारा मुलूख जळत असताना ह्या पाद्र्यास कोणी अडवू नये, असा त्याचा आपल्या लोकांस हुकूम होता.

त्या युद्धात तंजावरचा किल्ला आश्रितांनी भरला व आत धान्य उरले नाही. रस्त्यांवर प्रेते पडू लागली. बाहेर खेड्यांत धान्य होते, पण ते आणावयास बैल मिळत ना. राजाच्या व कंपनीच्या माणसांनी मागे बैल नेले होते आणि पैसे दिले नव्हते, म्हणून आता कुणबी कोणाचे ऐकेना. शेवटी श्वार्ट्झ ह्यांस विनंती झाली. प्रत्येकाचे पैसे मी आपल्या हाताने चुकते करीन, असे त्यांनी गावोगाव कळविले. दोन-तीन दिवसांत हजारावर बैल आले, धान्य किल्ल्यात पोहोचले, आणि प्रत्येकास पैसे मिळाले. पुढे कारभाऱ्यांच्या जुलमाने हजारो शेतकरी गाव सोडून पळाले, तेव्हाही राजाचे अभयवचन कोणी मानिले नाही. पाद्र्यांनी जामीन राहण्याचे कबूल करताच एका दिवसात सात हजार माणसे आपल्या शेतांवर परतली. राजाच्या शिक्क्यास व कंपनीच्या निशाणास जे मिळाले नाही, ते एका परदेशी माणसाच्या तोंडच्या शब्दास मिळाले. तरंगंबाडीच्या त्या हिशेबी रोजनिशांची आठवण आम्हांस येथे होते.

तुळजाजींचा शेवट दुःखाचा झाला. मुले व नातू त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. १७८७ साली त्यांनी भोसले घराण्यातील सरफोजी ह्या नऊ-दहा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले आणि मरणापूर्वी श्वार्ट्झ ह्यांस बोलावून तो मुलगा त्यांच्या हवाली केला. श्वार्ट्झ ह्यांनी पालकत्व नाकारिले. राजवाड्यात अनेक शत्रू. पाद्र्यास मुलाची रोजची भेटही घडावयाची नाही. तेव्हा महाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह ह्यांस कारभार सांगावा, अशी त्यांनी सल्ला दिली. धर्मगुरूने राज्य करू नये हे खरे, आणि ह्यात लोभ तर नव्हताच. परंतु ह्या सल्ल्याचे फळ मुलास भोगावे लागले. तुळजाजी वारल्यावर पंडितांकडून दत्तक अशास्त्र ठरविण्यात आले, कंपनीने अमरसिंहास गादी दिली, आणि सरफोजींस अंधाऱ्या जागेत कोंडल्यासारखे ठेवून लिहिणे-वाचणेही शिकू दिले नाही.

श्वार्ट्झ ह्यांनी ते आपल्या अंगावर घेतले. वयाची साठी उलटलेली असता त्यांनी सरकारास पत्रांमागून पत्रे लिहिली, मुलास शिक्षक मिळवून दिला, आणि अखेर १७९३ साली त्यास तुळजाजींच्या राण्यांसह मद्रासेस सुरक्षित जागी हलविले. तेथे श्वार्ट्झ ह्यांचे सहकारी गेरिके ह्यांच्या देखरेखीखाली त्याचा अभ्यास झाला. इकडे दत्तकाचा प्रश्न पुन्हा पंडितांपुढे गेला व ह्या खेपेस तो सशास्त्र ठरला. सरफोजींचा एक सहाध्यायी वेदनायकम् हा पुढे तमिळ ख्रिस्ती कवी म्हणून प्रसिद्धीस आला. त्याच्या बापाने आधी कॅथलिक धर्म स्वीकारिला होता व मग तो श्वार्ट्झ ह्यांच्या मंडळीत गेला. हे आम्ही तक्रार म्हणून लिहीत नाही.

१७९७ च्या अखेरीस श्वार्ट्झ अंथरुणास खिळले. पायास असाध्य व्याधी जडली होती. सरफोजी भेटीस आले तेव्हा, न्यायाने राज्य करावे, डामडौल टाळावा व गरिबांस सांभाळावे, असा उपदेश त्यांनी केला. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी त्यांनी देह ठेविला. शवपेटी बंद करण्यापूर्वी सरफोजी आले, मुखाकडे पाहून रडले, देहावर जरीचे वस्त्र घातले, आणि दफन होईपर्यंत थांबले. राजकुळातील हिंदूने प्रेतयात्रेस येणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. साठविलेले सर्व द्रव्य मृत्युपत्राने मिशनच्या कामास गेले.

चारच महिन्यांनी, १७९८ च्या जूनअखेर, सरफोजी गादीवर बसले. पुढील वर्षी राज्याचा कारभार कंपनीने घेतला व त्यांच्याकडे शहर, किल्ला आणि पुस्तके राहिली. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, मराठी छापखाना काढिला, आणि १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतींवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. श्वार्ट्झ ह्यांची इच्छा वेगळी होती. परंतु तिच्यासाठी त्यांनी मुलाच्या असहायतेचा कधी फायदा घेतला नाही. कंपनीच्या संचालकांनीही मद्रासच्या सेंट मेरी मंदिरात श्वार्ट्झ ह्यांचे स्मारक उभारिले. तंजावरच्या बागेतील ज्या मंदिरात त्यांस पुरले, तेथील थडग्याच्या दगडावर मात्र थोड्याशा इंग्रजी कविताओळी आहेत. त्या सरफोजींनी स्वतः रचल्या.