समजून घ्या : लडाखच्या डोंगरात समुद्राचा गाळ कसा? हिमालयाचा नकाशा उलगडणारे डी. एन. वाडिया

डिजिटल डेस्क, सोलापूर : सोलापुरात विहीर खोदली की काळा पाषाण लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला हा लाव्हा. त्या काळी आजच्या लडाखच्या जागी मात्र समुद्र होता. हिमालयाचे असे थर आयुष्यभर वाचणारे भूवैज्ञानिक म्हणजे दाराशॉ नौशेरवान वाडिया.

कोण होते वाडिया?
जन्म २३ ऑक्टोबर १८८३, सुरत. शिक्षण बडोद्यात. १९०७ मध्ये ते जम्मूच्या महाविद्यालयात शिकवू लागले. भारतातील खडक समजावणारे पाठ्यपुस्तक विद्यार्थ्यांना मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच लिहिले. ते १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले. १९२१ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले.

मोठा शोध कोणता?
नंगा पर्वताच्या दोन्ही बाजूंना त्यांना तेच थर, त्याच क्रमाने दिसले. हिमालय तिथे संपत नाही. भारतीय भूमीच्या पुढे आलेल्या टोकाभोवती तो वळतो, असे त्यांनी १९३१ मध्ये मांडले. प्लेट टेक्टॉनिक्सचा सिद्धांत अजून तीन दशके दूर होता.

मग समुद्राचा गाळ आला कुठून?
भारताची प्लेट उत्तरेकडे सरकताना मधल्या टेथिस समुद्राचा तळ खाली घुसत गेला आणि वर ज्वालामुखींची रांग उभी राहिली. ही रांग आणि समुद्रातला खोल चर यांच्यामधला खोलगट भाग म्हणजे ‘फोरआर्क बेसिन’. तळ खचला की गाळाला जागा मिळते. पाणी चढले की चिखल आणि चुनखडी साचते; पाणी उतरले किंवा तळ उचलला गेला, की नद्या वाळू-गोटे आत लोटतात.

कारण कसे ओळखतात?
जगभरच्या खोऱ्यांत एकाच वेळी बदल दिसला, तर समुद्रपातळीवर संशय. एकाच भागात दिसला, तर भूकवचाच्या हालचालीवर. लडाखमध्ये सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडीत नाण्यासारख्या आकाराचे सागरी जीवाश्म आहेत. त्यावर नद्यांनी आणलेले गोटे. समुद्र पुन्हा परतला नाही, कारण दोन भूखंड भिडले होते.

पुढे काय झाले?
वाडिया १९५७ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १५ जून १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. देहरादूनची हिमालय भूविज्ञान संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आपल्या विहिरीतला पाषाण आणि लडाखचा गाळ, दोन्ही भारताच्या त्याच प्रवासाचे साक्षीदार आहेत.